झोपेत उठलेला हात

नळाला पाणी आलं होतं त्या सकाळची गोष्ट. गारखेड्यात आमच्या गल्लीत पाणी आलं की सगळी घरं एकदम जागी होतात. मी उठलो, चूळ भरली आणि ड्रम भरणाऱ्या शोभाकडं पाहिलं. तिचा उजवा डोळा अर्धा मिटला होता, खाली निळंजांभळं झालं होतं.

"अगं, हे काय झालं?"

तिनं नळी एका ड्रममधून काढून दुसऱ्यात टाकली. "काही नाही. मोरीत पाय घसरला."

"कधी?"

"रात्री."

"मग मला उठवायचं नाही का?"

यावर ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "तुम्हीच मारलंय. पाणी जाईल, ती बादली द्या इकडं."

मला वाटलं, ती कशावर तरी चिडली आहे. मी बायकोवर कधी हात उचललेला नाही. माझे वडील आईला मारायचे. ते बघत मोठा झालेला माणूस मी. निदान एवढं तरी आपल्या हातून होणार नाही, याचा मला मनातून अभिमान होता.

"मी? कधी?"

"झोपेत. कुत्रं कुत्रं म्हणून ओरडत होता."

तिनं कुत्रं म्हटलं आणि स्वप्न आठवलं. एक पिवळं कुत्रं आमच्या पल्लवीच्या फ्रॉकला झोंबलं होतं. पल्लवी आता पुण्यात नोकरी करते, पण स्वप्नात ती बालवाडीतली होती. मी कुत्र्याच्या थोबाडावर सगळा जोर लावून बुक्की मारली आणि ते पळालं. स्वप्नात मला किती बरं वाटलं होतं. पोरगी वाचली होती.

बादली माझ्या हातात तशीच राहिली आणि पाणी गेलं.

बांगड्या

माझं नाव सांगण्यात अर्थ नाही. गुलमंडीतल्या एका साड्यांच्या दुकानात मी उभं आयुष्य गादीवर बसून साड्या दाखवल्या. बायका समोर बसतात, आपण साडी हवेत उडवून उलगडायची, पदर त्यांच्या पुढ्यात पडला पाहिजे. हे मला चांगलं जमायचं. मी डॉक्टर नाही, लेखकही नाही. पण ज्या घरात असं काही चालू असेल आणि बायको लोकांना मोरीचं निमित्त सांगत असेल, त्या घरासाठी हे लिहितोय.

डोळ्याच्या त्या दिवसानंतर शोभा एकेक सांगायला लागली. तेही मी विचारलं तर. दोन वर्षांपासून हे चालू होतं. आधी नुसतं बडबडणं, मग शिव्या, मग लाथा. शिव्यांचं ऐकून मला नवल वाटलं, कारण गिऱ्हाइकांसमोर बसून माझी जीभ मऊ झालेली.

उशाशी पाण्याचा तांब्या असायचा, तो तिनं स्वयंपाकघरात नेला होता. का, तर मी तो एकदा भिंतीवर फेकला होता. आमच्या दोघांच्या मधे ती गोधडीची वळकटी ठेवायची. मला वाटायचं, तिला उकडतं. आणि तिनं काचेच्या बांगड्या घालायचं सोडलं होतं. त्यावरून मी तिला चिडवलंही होतं, "काय गं, फॅशन बदलली का?" ती तेव्हा हसली होती. मनगटात काच घुसली म्हणून तिनं प्लास्टिकच्या घातल्या होत्या.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही तर गाढ झोपलेले. आन् सकाळी इतके चांगले वागता की मलाच कळंना, रात्रीचं खरं का दिवसाचं."

आम्ही काय काय विकत घेतलं

लाजेपोटी आम्ही खरं कुणालाच सांगितलं नाही. पल्लवीला फोनवर एवढंच म्हणालो, झोप नीट लागत नाही.

"पप्पा, आजकाल सगळ्यांना हाच प्रॉब्लेम आहे," ती म्हणाली, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घरी खोकी यायला लागली. मधे खड्डा असलेली उशी. लहान मुलांच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या, झोपेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोड गोळ्या. उशीवर फवारायचं सुगंधी पाणी. त्याचा मला कधी वास आला नाही, मला वाटलं माल नकली आहे. तळपायाला लावायचं तेल. आणि एक घड्याळ, ते मनगटाला बांधून झोपायचं, सकाळी ते आपल्याला आपली झोप सांगणार.

एकदा मोबाईलवर 'झोप' शब्द शोधला आणि मग तो मोबाईल दुसरं काही बोलेचना. वजनदार पांघरूण, झोपेचा चहा, कानात वाजणारा पाऊस. जालना रोडवरच्या एका गाद्यांच्या शोरूममध्येही आम्ही जाऊन आलो. तिथल्या मुलानं मला गादीवर आडवं केलं, पाठीखाली हात घालून बघितला आणि म्हणाला, "काका, प्रॉब्लेम तुमचा नाहीच. गादीचा आहे." इतका छान बोलला की मी घेऊनच आलो असतो. शोभानं बाहेर ओढलं.

हे मी दुकानात सलीमभाईला सांगितलं. सलीमभाई माझ्या शेजारच्या गादीवर बसायचा, आमची मैत्री लग्नाच्या आधीपासूनची. तो पदर घडी करत म्हणाला, "भाऊ, तुमकू बुरा कायकू लगता? अपन भी येइच करते. बाई साडी लेने आती, अपन उसकू खुशी बेचते."

तो हसला, मीही हसलो. पण माझ्या मनाला ते लागलं. मी विकणाराच माणूस. समोरच्याला काय पाहिजे ते त्याच्या डोळ्यांत बघून तेच पुढ्यात टाकायचं, हे मला कळतं. आणि तरीही मी गिऱ्हाईक झालो होतो, कारण घाबरलेला होतो.

घड्याळाचं मात्र सांगायला पाहिजे. एका सकाळी त्यानं हिरवं वर्तुळ दाखवलं. झोप उत्तम, शाबास. खाली टाळ्या वाजवणारे दोन हात. मी मोबाईल घेऊन शोभाला दाखवायला गेलो. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. वळली तेव्हा तिचा खालचा ओठ फाटलेला होता.

ते घड्याळ खोटं बोलत नव्हतं, हे मला फार पुढं कळलं. झोप न येणं हा माझा आजार नव्हताच. मी झोपायचो. जागी ती असायची.

यातच मी एक मोठी चूक केली. शेजारच्या एकांनी त्यांची झोपेची गोळी दिली, मेडिकलवाल्यानंही चिठ्ठीशिवाय तीच पुढं चालू ठेवली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या गोळीनं माझे हातपाय थांबले नाहीत, उलट सकाळी डोकं जड व्हायचं आणि एकदा जिन्यावर तोल गेला. कृपा करून दुसऱ्याची गोळी घेऊ नका.

पोरीचं बोलणं बंद झालं

पल्लवी सुट्टीला आली ती नेमकी ओठ फाटलेला असताना. ती दारात चप्पल काढत होती, आईनं दार उघडलं, आणि पोरीचा चेहराच बदलला. आत स्वयंपाकघरात दोघी कुजबुजल्या. मग ती बाहेर येऊन माझ्यासमोर बसली आणि मोबाईलमध्ये बघत राहिली.

"पल्लू, चहा घेतेस ना?"

"नको."

दोन दिवस 'नको' आणि 'हो' यापलीकडं ती माझ्याशी बोलली नाही. शोभानं तिला सगळं सांगितलं होतं. पण ज्या बाईनं दोन वर्षं लोकांना मोरीची गोष्ट सांगितली, तिची झोपेची गोष्ट पोरीनं का खरी मानावी? मला तिचं चुकलं असं आजही वाटत नाही. मी तिच्या जागी असतो तर हेच केलं असतं. तरी माझ्या पोरीनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर आजाराच्या सगळ्या दुखण्यांपेक्षा मला जास्त दुखली. त्या नजरेनं मी माझ्या वडिलांकडं बघायचो.

तिसऱ्या दिवशी शोभाचे मोठे भाऊ बबनदादा पैठणहून पहिल्या एस.टी.नं आले. पल्लवीनं बोलावलं होतं. दादा धिप्पाड माणूस, शेतात राबलेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"दाजी, एकच इचारतो. बहिणीवर हात उचलता का?"

"दादा, झोपेत..."

"झोपेत." त्यांनी मान हलवली. "दारू प्यालेला म्हनतो दारूत केलं. तुमी म्हनता झोपेत. मार तर हिच्याच अंगावर हाय ना?" मग शोभाकडं वळून म्हणाले, "पिशवी भर. चल घरी."

 खरं सांगायचं तर मला वाटलं, तिनं जावं. तिथं तिला झोप तरी मिळेल.

शोभा मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "दादा, मी येते. पण आधी तू आजची रात्र ह्यांच्याशेजारी झोप. माझ्या जागेवर. सकाळी तू म्हणशील तसं करू."

दादांची सकाळ

रात्री काय झालं ते मला ठाऊक नाही. माझ्या आजारातली ही सगळ्यात विचित्र गोष्ट आहे, माझ्या हातून घडलेलं मला नेहमी दुसऱ्याकडून ऐकावं लागतं. मी उठलो तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. बाहेरच्या खोलीत दादा खुर्चीवर बसले होते, हातात चहाचा कप, आणि दुसऱ्या हातानं जबडा चोळत होते. पल्लवी त्यांच्या पायाशी बसली होती. दोघांचे डोळे लाल होते.

"दादा..."

"बसा दाजी," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "मी तुमचे हात धरले. लई ताकद हो तुमच्यात. मी म्हनलं, दाजी, मी बबन हाय. तुमचे डोळे मिटलेले. मलाच म्हनत होता, सोड तिला, सोड माझ्या पोरीला."

मग या धिप्पाड माणसानं कप खाली ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "मी काय काय बोललो तुमाला. तुमाला कायतरी झालंय, दाजी. डाक्टरला दाखवा. लाजू नका."

पल्लवी उठली. ती आत गेली, माझ्यासाठी चहा टाकला आणि कप माझ्या हातात देताना हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला.

वायरी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्या तरुण बाई, बोलणं सरळ. त्यांनी आधी एक रात्र दवाखान्यात झोपून तपासणी करायला सांगितली.

संध्याकाळी तिथल्या मुलीनं माझ्या डोक्याला, हनुवटीला, छातीला, पायांना वायरी चिकटवल्या. त्यासाठी लागणारी पेस्ट गार असायची, तर ती आधी आपल्या तळहातावर घेऊन जराशी कोमट करायची. कुणी शिकवलेलं नसेल ते. एवढ्या लहान गोष्टीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आजारी माणसाला कुणी सांभाळून हात लावला की असं होतं.

तिनं शोभाला सांगितलं, "काकू, तुम्ही घरी जा. आम्ही कॅमेऱ्यावर बघतोय त्यांना."

शोभा घरी गेली नाही. बाहेरच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन आडवी झाली. सकाळी माझ्या वायरी काढल्या, मी बाहेर आलो, तरी ती उठली नव्हती. येणारेजाणारे, स्ट्रेचरचा आवाज, कशानंच नाही. शेवटी नर्सनं खांद्याला धरून हलवलं. ती दचकली आणि सवयीनं तिनं दोन्ही हात तोंडासमोर आडवे धरले.

डॉक्टरांनी मला मीच दाखवला

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवला. पडद्यावर एक म्हातारा होत चाललेला माणूस झोपला होता. मग तो एकदम उसळला. मुठी आवळून हवेत मारत होता, पाय झाडत होता, तोंडानं असं काही बोलत होता की मला ऐकवेना. वायरी तोडायला निघाला होता. मी पहिल्यांदाच स्वतःला बघत होतो. मला त्या माणसाची भीती वाटली.

शोभा म्हणाली, "हे तर कमीच आहे."

डॉक्टरांनी समजावलं. आपण स्वप्न बघतो तेव्हा मेंदू शरीराला सैल सोडतो, म्हणून स्वप्नात पळालो तरी पाय पळत नाहीत. माझ्या मेंदूतली ती सोय बिघडली होती. मी स्वप्न बघत नव्हतो, स्वप्न करत होतो.

मग त्यांनी विचारलं, "काका, वास येतो का नीट?"

"येतो की."

"नाही येत," शोभा म्हणाली. "मागं दूध करपून धूर झाला, हे शेजारी पेपर वाचत बसलेले."

डॉक्टरांनी कसलीतरी बाटली माझ्या नाकाशी धरली. मी हुंगलं. काही नाही. दुसरी धरली, काही नाही. मला वाटलं, बाटल्या रिकाम्या आहेत. मी शोभाकडं पाहिलं. तिनं खुर्चीवर बसल्या जागी मान मागं घेतली होती, इतका तो वास उग्र होता. वास कधी गेला मला ठाऊकच नव्हतं. जाताना त्यानं सांगितलंच नाही.

डॉक्टरांनी झोपायच्या आधी घ्यायचं एक औषध लिहून दिलं, खोलीत काय बदल करायचा ते सांगितलं. मी उठायला लागलो. शोभा बसूनच होती.

"मॅडम, हे पुढच्या कशाचं लक्षण आहे का?"

"काकू, सगळं ऐकायचंय तुम्हाला?"

"व्हय. सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. ज्यांना हा झोपेचा आजार होतो, त्यांच्यातल्या पुष्कळांना पुढच्या काही वर्षांत मेंदूचा मोठा आजार होतो. कुणाला कंपवात, कुणाला विसरण्याचा. सगळ्यांना नाही. पण पुष्कळांना.

"आज तुम्हाला तो नाही, काका. कधी होईल, कुठला होईल, होईलच का, हे मला सांगता येत नाही."

"थांबवायचं औषध?"

"हातपाय मारणं कमी करायचं आहे. पुढचं थांबवायचं अजून नाही. चालत राहा, बीपी सांभाळा, माणसांत राहा. आणि मला भेटत राहा."

"मग मला सांगितलं कशाला?" माझा आवाज चढला होता.

त्या शांतपणे म्हणाल्या, "काकूंनी विचारलं म्हणून. आणि मला विचारलं तर मी खोटं बोलत नाही."

 घरात शिरल्या शिरल्या मी शोभावर ओरडलो. तुला कुणी सांगितलं होतं विचारायला? मी झोपायचं दाखवायला गेलो होतो, तू मला पुढचं मरण घेऊन आलीस.

तिनं पदरानं घाम पुसला, पंखा लावला. "मला माहीत असायला पाहिजे," ती म्हणाली. "तुम्ही विसराल. मला आठवावं लागंल."

त्यानंतरचे महिने

औषधानं फरक पडला. पूर्ण थांबलं नाही, पण लाथा कमी झाल्या. आता माझी गादी खाली असते, भिंतीपासून दूर, आजूबाजूला उशा, जवळ टोकदार काही नाही. शोभा बाहेरच्या खोलीत झोपते. ज्या दिवशी तिनं आपलं अंथरूण तिकडं नेलं, त्या दिवशी मी मदत केली, गादीचं दुसरं टोक मीच धरलं. समजून उमजून केलेली गोष्ट होती. तरी लग्नानंतर आम्ही भांडून कधी वेगळे झोपलो नव्हतो, आणि आता न भांडता झोपलो.

मोबाईलला माझा आजार बदलल्याचं लगेच कळलं. आता तो झोप विकत नाही, मेंदू विकतो. स्मरणशक्तीच्या कॅप्सूल, मेंदू तल्लख ठेवणारे खेळ, ब्राह्मीचे थेंब, काही तर परदेशी नावाचे. झोपेची गोळी देणाऱ्या आमच्या त्या शेजाऱ्यांनी कुणा एजंटालाच घरी आणलं. गळ्यात टाय, हातात बॅग. "काका, मेंदूवरचा गंज काढून टाकतं हे." मी त्याला पाणी पाजलं आणि विचारलं, "बाळा, तू स्वतः घेतोस का?" तो गडबडला. पण खरं सांगतो, तो गेल्यावर मला वाटलं, एक बाटली घ्यायला हवी होती. न जाणो. हे 'न जाणो'च सगळा धंदा चालवतं. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, असं काही असतं तर मी तुम्हाला पहिल्या दिवशीच दिलं नसतं का?"

भीती मात्र गेली नाही. एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही की मी ते रात्रीपर्यंत शोधत बसायचो. किल्ली सापडेना, की झालं सुरू, असं वाटायचं. चष्मा कपाळावर ठेवून शोधणं हे सगळ्यांचंच होतं, पण माझ्या बाबतीत ते हसण्यासारखं राहिलं नव्हतं. शोभा हसायची नाही, पल्लवी तर फोनवर एकदम गप्प व्हायची. कुणीतरी हसावं म्हणून मी मुद्दाम सलीमभाईला सांगायचो. तो हसायचा. "भाऊ, मैं तो अपने सालेका नाम भूल गया, और खुश हूँ." त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

दुकानात एकदा नव्या मालाचे गठ्ठे फुटले. कोऱ्या साडीच्या खळीचा एक वास असतो, आयुष्यभर तो माझ्या नाकात बसलेला. गादीवर कुणी नाही बघून मी एक साडी तोंडाशी धरली आणि जोरात श्वास घेतला. मऊ होती, गार होती. बस्स. सलीमभाईनं बघितलं. त्यानं माझ्या हातातून हळूच साडी घेतली, घडी केली आणि ठेवून दिली.

त्या वर्षी मी काम सोडलं. मालकांनी जा म्हटलं नव्हतं. पण साडी उलगडताना पदर आता जिथं पडायला हवा तिथं पडत नव्हता. बाईला कळायचं नाही, मला कळायचं.

ज्यांच्या घरी हे असेल त्यांना

मला उपदेश करता येत नाही. एवढंच सांगतो, लपवू नका. आमची दोन वर्षं मोरीच्या गोष्टीत गेली. घरातलं कुणी झोपेत उठून मारत असेल, ओरडत असेल, तर उशी-गादी बदलण्याआधी डॉक्टर गाठा. शोभाचं ऐकून आमच्या गल्लीतली आणखी एक बाई बोलायला लागली. तिचाही पाय दर महिन्याला मोरीत घसरत होता. तिच्या नवऱ्याला वेगळंच काही निघालं, श्वासाचं, आणि त्याला झोपताना नाकाला लावायचं मशीन मिळालं. आता तो बरा आहे. मला त्याचा आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. दोन्ही खरं आहे.

आणि जो झोपतो त्याच्याकडंच बघत बसू नका. शेजारी जागं कोण आहे, त्याला विचारा. डॉक्टरांनी पुढं शोभालाही तपासलं. आता तिला जागायचं कारण नाही, तरी तिला नीट झोप लागत नाही. बाहेरच्या खोलीतही जरा खुट्ट झालं की ती उठून बसते. माझ्या मेंदूची काळजी सगळ्यांनी केली. तिच्या मेंदूनं दोन वर्षं पहारा दिला, त्याची भरपाई कशानं होते ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही.

मैदान

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून आम्ही संध्याकाळी क्रीडा संकुलाच्या मैदानावर जातो. तिथं पोरं पळत असतात, बायका घोळक्यानं चालतात. आमचं चालणं असं की मी पुढं आणि शोभा दोन-चार पावलं मागं. आमच्याकडं नवराबायको असेच चालतात, मला त्यात काही वाटलं नाही.

दसऱ्याच्या सुमारास एकदा मी तिच्यासाठी थांबलो. तीही थांबली. मी हळू चाललो, ती आणखी हळू झाली.

"मागं का राहतेस? गुडघे दुखतात का?"

"नाही."

"मग ये की बरोबर."

 पोरांचा एक जथा आमच्या बाजूनं पळत गेला, ते लांब जाईपर्यंत ती थांबली.

"मागून दिसतं," ती म्हणाली.

"काय दिसतं?"

"तुमचा डावा हात. चालताना उजवा हलतो. डावा नाय हलत."

मी हाताकडं पाहिलं. तो नुसता लोंबत होता. मी चालायला लागलो आणि मुद्दाम तो पुढं-मागं हलवला. हलला, अगदी नीट हलला. मला हुश्श वाटलं. "बघ, हलतोय की," असं म्हणत मी वळलो. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तोवर तो पुन्हा थांबला होता.

"कधीपासून बघतेयस?"

"उन्हाळ्यापासून."

म्हणजे सगळा उन्हाळा, सगळा पावसाळा ही बाई रोज माझ्या मागं चालत होती, माझ्या हाताकडं बघत. आणि घरी येऊन भाकरी टाकत होती.

"डॉक्टरांना फोन केलाय मी," ती म्हणाली. "सोमवारी बोलावलंय."

कंपवाताची सुरुवात अशी एका हातापासून होते, हे तिला डॉक्टरांनी सांगून ठेवलं असणार. मैदानावर दिवे लागले. शोभा दोन पावलं पुढं आली, माझ्या डाव्या बाजूला, आणि तिनं तो हात आपल्या हातात घेतला. चारचौघांत तिनं माझा हात कधी धरलेला नव्हता.

"लोक बघतायत," मी म्हणालो.

"बघू द्या," ती म्हणाली. "सोमवारचं सोमवारी. आजचा राऊंड राहिलाय, चला."